सॅम केर नेरूळपर्यंत आलीच नाही

डी वाय पाटील स्टेडियम म्हटलं की आता आमच्या नेरूळ-सीवूड्सकडे सगळ्यांना एकच गोष्ट आठवते, नोव्हेंबर २०२५ ची ती रात्र, आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप उचलला ती. आणि त्याच्या आधीची सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाचे ३३८ आणि आपली जेमिमा नाबाद १२७, त्यावर तर आमच्या सोसायटीत अजून चर्चा चालू असते. बरोबरच आहे म्हणा. पण मला या स्टेडियमवरून दुसरीच एक ऑस्ट्रेलियन बाई आठवते, जी तिथे खेळायला हवी होती आणि खेळली नाही, आणि तिचा विषय काढला की समोरचा हळूच मोबाईल बघायला लागतो. म्हणून म्हटलं इथेच लिहून टाकू, इथे तरी कोणी मध्ये तोडत नाही.

सॅम केर. फुटबॉलवाली. ऑस्ट्रेलियाची कॅप्टन, स्ट्रायकर म्हणजे सगळ्यात पुढे राहून गोल मारणारी, इंग्लंडच्या चेल्सी क्लबची.

जानेवारी २०२२ मध्ये बायकांचा एशियन कप आपल्याकडे झाला होता, किती जणांना माहितीये? नेरूळचं डी वाय पाटील, अंधेरीचं फुटबॉल अरीना आणि पुण्याचं बालेवाडी, तीन ग्राउंड. ओमायक्रॉनची लाट होती, त्यामुळे प्रेक्षकांना आत सोडत नव्हते. घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आशियातल्या सगळ्यात भारी टीम्स खेळतायत आणि आपण मोबाईलवर स्ट्रीम बघतोय, मध्येच ते गोल गोल फिरतंय. आपल्या टीमचं तर काय झालं ते आठवलं तरी वाईट वाटतं, पहिली मॅच इराणशी डी वाय पाटीललाच, ०-०, आणि दुसऱ्या मॅचच्या आधी कॅम्पमध्ये इतक्या जणी पॉझिटिव्ह निघाल्या की टीमच उभी राहीना. स्पर्धेतून बाहेर, ते पण आपल्याच घरी, न हरता.

तर त्याच आठवड्यात अंधेरीला ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८-० हरवलं. अठरा! त्यात सॅमचे पाच. स्कोअर बघून लोक हसले आणि पुढे गेले, पण त्या मॅचमध्ये एक रेकॉर्ड मोडलं. ऑस्ट्रेलियासाठी सगळ्यात जास्त गोल, बाई असो की पुरुष, ५० गोलांसह टिम केहिलच्या नावावर होते. तोच केहिल जो मॅचला गोल मारला की कॉर्नरच्या झेंड्याला बॉक्सिंगचे ठोसे मारायचा, आणि करिअरच्या शेवटी २०१८-१९ ला आपल्या आयएसएलमध्ये, म्हणजे भारतातल्या फुटबॉल लीगमध्ये, जमशेदपूरकडून खेळून गेला. सॅम ४९ वर होती. हाफटाइमच्या कितीतरी आधी ती त्याच्या पुढे गेली. म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या इतिहासातलं हे पान अंधेरीला लिहिलं गेलं, रिकाम्या खुर्च्यांसमोर. दुसऱ्या दिवशी पेपरात मी शोधत होतो, खेळाच्या पानावर खाली एका कोपऱ्यात चार ओळी.

पुढे फिलिपिन्सला ४-०, थायलंडला २-१, आणि मग क्वार्टर फायनल बालेवाडीला, दक्षिण कोरियाशी. तिथून जिंकल्या असत्या तर सेमी पण बालेवाडीलाच आणि फायनल आमच्या नेरूळला. कोरियाने तर पेनल्टी पण बारवरून घालवली होती, म्हणजे सगळं ऑस्ट्रेलियाच्या बाजूने चाललेलं. सॅमला गोलसमोर चान्स मिळाला, असा चान्स जो ती झोपेत पण मारेल, आणि गेला की तो बाहेर. शेवटच्या काही मिनिटांत कोरियाच्या जी सो-युनने लांबून असा काही मारला की विषय संपला. गंमत म्हणजे जी तेव्हा चेल्सीत सॅमचीच टीममेट. १-०. ऑस्ट्रेलिया घरी. स्पर्धेत सात गोल मारून सगळ्यात जास्त गोलचं बक्षीस सॅमलाच, पण फायनल खेळले चीन आणि कोरिया, आणि चीनने ०-२ वरून ३-२ करून कप नेला. भारी मॅच झाली, नाही म्हणत नाही, पण माझं मन बालेवाडीच्या त्या चान्सवरच अडकलेलं.

आणि खरं सांगू का, मला ती आवडायला लागली ती त्या चुकलेल्या चान्समुळे. गोलांचे व्हिडिओ तर सगळेच बघतात.

आता जरा मागे जातो. सॅमचा जन्म १९९३ चा, पर्थजवळच्या फ्रीमँटलचा. वडील रॉजर हे कोलकात्यात जन्मलेले, अँग्लो-इंडियन घरातले, आजोबा बॉक्सर. वडील ऑस्ट्रेलियन रूल्स खेळायचे, म्हणजे तो लंबगोल बॉलवाला खेळ जो तिकडे क्रिकेटइतकाच डोक्यावर घेतात, आणि भाऊ डॅनियल तर त्यात स्टारच, वेस्ट कोस्ट ईगल्सकडून २००६ ची चॅम्पियनशिप जिंकलेला. अशा घरात पोरगी फुटबॉल खेळणार म्हणजे तो लंबगोल बॉलच. ती खेळत पण होती, मुलांच्यात. पण साधारण बाराव्या वर्षी ते थांबलं, मुलं अंगाने मोठी व्हायला लागली, ही मार खाऊन घरी यायची, आणि त्या वयाच्या मुलींसाठी वेगळी टीम वगैरे तेव्हा काही नव्हतं. म्हणून मग सॉकर. म्हणजे जगातली एवढी मोठी स्ट्रायकर या खेळात आली ती दुसरीकडे दार बंद झालं म्हणून.

आणि आली ती सुसाट. पंधराव्या वर्षी पर्थ ग्लोरीकडून लीगमध्ये, पंधराव्याच वर्षी देशाकडून पहिली मॅच, सोळाव्या वर्षी २०१० च्या एशियन कपच्या फायनलमध्ये उत्तर कोरियाविरुद्ध गोल. पेनल्टीवर ऑस्ट्रेलियाने कप जिंकला. आपल्याकडे सोळाव्या वर्षी पोरं दहावीच्या क्लासच्या बॅचवरून रडत असतात.

पण यानंतरची जी वर्षं आहेत ना, ती कोणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियाची बायकांची लीग चालायची तिकडच्या उन्हाळ्यात, चार-पाच महिने, पैसे म्हणजे चिल्लर. मग बाकीचे महिने काय करायचं, तर अमेरिका, कारण तिकडची लीग बरोबर उलट्या सीझनला. म्हणजे ही मुलगी वर्षानुवर्षं दोन्ही गोलार्धात खेळत होती, इकडचा सीझन संपला की बॅग उचलायची आणि तिकडे. सुट्टी अशी नाहीच. वेस्टर्न न्यूयॉर्क, मग न्यू जर्सीची स्काय ब्लू, मग शिकागो, आणि मध्ये कधी सिडनी, कधी पर्थ. गुडघा, पाऊल, सगळं दुखावून झालं. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अख्ख्या टीमने पगारावरून अमेरिकेचा दौराच सोडून दिला होता, तेव्हा नॅशनल टीमच्या कॉन्ट्रॅक्टचे वर्षाला साधारण २१ हजार डॉलर मिळत होते, ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि सिडनीत त्यात भाडं पण सुटत नाही. २०१९ ला कुठे तिथे पुरुष आणि बायकांच्या टीमला उत्पन्नात सारखा वाटा द्यायचा करार झाला. हे संप वगैरे मला त्या गोलांइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण पोटाचं बघितल्याशिवाय कोण पंधरा वर्षं खेळेल हो.

अमेरिकेत ती २०१७, २०१८, २०१९ अशी सलग तीन वर्षं टॉप स्कोअरर. २०१७ ची एक मॅच नक्की शोधून बघा, सिएटलविरुद्ध स्काय ब्लू ०-३ मागे, आणि दुसऱ्या हाफमध्ये एकटीचे चार गोल, मॅच ५-४ जिंकली. मग चेल्सी, इंग्लंडमध्ये पण दोनदा टॉप स्कोअरर, २०२०-२१ ला २१ गोल आणि पुढच्या सीझनला २०. तीन खंडांतल्या तीन लीगमध्ये हे करणारी ती पहिलीच. बॅलन डी'ओरला, म्हणजे जगातल्या बेस्ट फुटबॉलरच्या बक्षिसाला, २०२१ आणि २०२२ ला तिसरी, २०२३ ला दुसरी. एफए कप म्हणजे इंग्लंडमधला क्लबांचा नॉकआउट कप, त्याच्या फायनल तर तिच्या घरच्या असल्यासारख्या, तीन वर्षांत तीन फायनल, तिन्हीत गोल, तिन्ही जिंकल्या. (आणि हो, युव्हेंटसच्या मॅचमध्ये एक जण सेल्फी काढायला ग्राउंडमध्ये घुसला तर हिने खांदा देऊन त्याला आडवा केला आणि स्वतः यलो कार्ड खाल्लं. लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवर बसू न देणाऱ्या माणसाकडे बघून मला रोज ती आठवते.)

तर चुकण्याबद्दल बोलत होतो. २०१९ चा वर्ल्ड कप, जमैकाविरुद्ध एका मॅचमध्ये चार गोल, आणि त्याच वर्ल्ड कपमध्ये पुढच्याच मॅचला नॉर्वेशी पेनल्टी शूटआउट, कॅप्टन म्हणून पहिली पेनल्टी हिची, आणि बॉल थेट बारवरून स्टँडमध्ये. ऑस्ट्रेलिया बाहेर. चार वर्षांनी स्वतःच्या देशात वर्ल्ड कप, सगळ्या होर्डिंगवर हीच, आणि पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी पोटरी गेली. क्वार्टर फायनलला फ्रान्सशी परत शूटआउट, आणि बाई परत पेनल्टी घ्यायला उभी. या वेळी आत. मी घरात ओरडलो तर खालच्या मजल्यावरून फोन आला, सगळं ठीक ना म्हणून.

आणि मग सिडनीची सेमीफायनल, इंग्लंड. १-० मागे असताना तिने हाफलाइनच्या जवळून बॉल घेतला, पळत पळत पुढे, समोर डिफेंडर मागे सरकतायत, आणि बॉक्सच्या बाहेरून असा ठेवून दिला वरच्या जाळीत की स्टेडियमच फुटायचं बाकी होतं. लोक तेवढाच व्हिडिओ फॉरवर्ड करतात. पण नंतर २-१ असताना तिला काही मिनिटांत दोन चान्स आले, एक हेडर बारवरून, एक अगदी जवळून, तो पण वरून. लगेच इंग्लंडने तिसरा मारला. मॅच संपली. चुकल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते एक सेकंद होतं, पुढच्या सेकंदाला ती परत डिफेंडरच्या आंधळ्या बाजूला जाऊन उभी, पुढच्या बॉलसाठी. माझ्या मते स्ट्रायकर म्हणजे हेच. डिफेंडर दिवसभर लपू शकतो, मिडफिल्डर साइडला पास देऊन सुटतो, स्ट्रायकरला सगळ्यांसमोर चुकायचं असतं आणि परत तिथेच जायचं असतं.

हे मी भाचीला सांगत असतो. ती सानपाड्याला टर्फवर खेळते, तेरा वर्षांची, पुढेच खेळते. घरी आली की आधी दारात बूट झटकते, टर्फचे ते काळे रबराचे दाणे हॉलभर, ताई वैतागते, झाडू हातात आणि तोंड चालू. गोल चुकला की ही पोरगी पुढची दहा मिनिटं बॉल मागतच नाही, मुद्दाम डिफेंडरच्या मागे लपून उभी राहते. तिच्या सरांनी पण सांगून झालं. तिला मी २०२३ च्या सेमीफायनलची शेवटची वीस मिनिटं दाखवली, हायलाइट नाही, पूर्ण. तर मला म्हणते, "मामा, तिला काय, ती सॅम केर आहे. मी चुकले तर सर बाहेर काढतात." आता यावर काय बोलणार. बरोबर आहे तिचं. शिवाय तिच्या बॅचला आधी सहा-सात मुली होत्या, आठवी-नववीला आल्या तशा एकेक गळत गेल्या, कोणाचा क्लास, कोणाच्या घरी मुलांबरोबर नको, आता मुलीच कमी म्हणून मॅच मुलांच्यातच होते. पर्थला २००५ च्या आसपास जे झालं तेच सानपाड्याला आता चाललंय, फक्त दुसऱ्या खेळाचं दार कुठलं ते आम्हाला अजून दिसत नाहीये.

सॅमचं पुढचं थोडक्यात. जानेवारी २०२४ ला गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट गेलं, पॅरिस ऑलिंपिक हुकलं. मध्ये लंडनमध्ये एका पोलिसाला उद्देशून बोलल्यावरून कोर्टकेस झाली, फेब्रुवारी २०२५ ला ज्युरीने निर्दोष सोडलं, त्यावर सोशल मीडियावर जो तमाशा झाला तो वेगळाच. जवळपास वीस महिने ग्राउंडबाहेर राहून सप्टेंबर २०२५ ला चेल्सीकडून परत आली, सबस्टिट्यूट म्हणून, आणि आल्या आल्या गोल.

आणि आपलं म्हणाल तर २०२५ च्या जुलैमध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी, चिआंग माईला, २-१ हरवलं आणि २०२६ च्या एशियन कपची जागा खेळून कमावली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तो कप ऑस्ट्रेलियात. यजमान म्हणून मिळालेली एन्ट्री नाही ही, म्हणून जास्त भारी वाटलं.

भाचीचं आणि माझं एकाच गोष्टीवर अजून जमत नाही. मी म्हणतो सॅमचा बेस्ट गोल सिडनीचा, ती म्हणते डिसेंबर २०२१ चा, वेम्बलीवर आर्सेनलविरुद्धच्या एफए कप फायनलमधला, धावत जाऊन गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद चिप केलेला. दोन्ही यूट्यूबवर आहेत, बघा आणि खाली कमेंटमध्ये सांगा, पण सिडनीचाच सांगा.