जिंकल्यानंतरचे दोन सेकंद

रविवार, रात्री उशिरा

दादाकडून आत्ताच आले. भाचीने स्ट्रीट फायटर सिक्स हा मारामारीचा व्हिडिओ गेम लावला होता, आणि त्यात आता माई शिरानुई हे पात्र आहे म्हटल्यावर मी जेवण अर्धं टाकून उठले. वहिनी म्हणाली, "चाळिशी आली तुझी." आली असेल. पण माई माझी जुनी ओळखीची, आणि तिच्याबद्दल एकदा नीट लिहून काढायचं किती दिवस मनात होतं.

आमच्या वेळी कल्याणला स्टेशनजवळच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं. शटर अर्धं खाली, आत अंधार, भिंतीला लागून तीन-चार मशीनं. एकावर मुस्तफा (कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स हे खरं नाव कुणी घेत नसे) आणि गर्दी खेचणाऱ्या मशीनवर किंग ऑफ फायटर्स ९७. हरला तो उठला, जिंकला तो बसला. नंबर लावायचा तर मशीनच्या कडेवर आपलं कॉइन ठेवून मागे उभं राहायचं. मुली तिथे येत नसत. मी यायचे, कारण दादा यायचा, आणि मला घरी ठेवलं तर मी आईला सांगेन ही त्याला भीती.

मी माई घ्यायचे. (आमच्याकडे माई म्हणजे नऊवारीतली आजी. पार्लरमध्ये कुणाला त्याचं काही वाटत नसे.) घ्यायचं कारण अगदी व्यवहारी: तिचा पंखा. दांडी खालून पुढे फिरवून पंच दाबला की ती पंखा फेकते. लांबून फेकत राहायचं, समोरचा वैतागून उडी मारतो, उडी मारली की खाली येताना ठोकायचा. बस्स. या एका युक्तीवर मी दादाच्या मित्रांना उठवलेलं आहे. क्यो आणि आयोरी ही पात्रं घेऊन नुसती पॉवर मारणाऱ्या मुलांना हे फार लागायचं.

आणि जिंकले की मला खाली बघावंसं वाटायचं.

कारण जिंकल्यावर माई पंखा उंच करते, 'निप्पॉन इची' म्हणून ओरडते, म्हणजे अख्ख्या जपानात एक नंबर, आणि तिची छाती हलते. हलते म्हणजे चुकून नव्हे, चांगली ठासून हलते. माझ्या मागे सात-आठ मुलं उभी. हरलेला मुलगासुद्धा तेवढ्यात हसायला लागायचा. मी त्याला हरवलेलं असायचं, आणि दोन सेकंदांत खोलीतली हवा अशी फिरायची की जणू मीच काहीतरी दाखवून बसले. दादा मागून म्हणायचा, "चल, पुढचा लाव."

बाईच्या पात्रांच्या कपड्यांवरून इतका वाद होतो, पण मला छळलं ते त्या दोन सेकंदांनी. लढत असताना माई काय घालते याचा विचार करायला वेळच नसतो. डोळे समोरच्याच्या पायांवर असतात. लढाई संपते तेव्हा पडदा थांबतो आणि सगळे बघतात. क्योला जिंकल्यावर ऐट करायला मिळते, त्याच गेममधल्या राल्फला दंड दाखवायला मिळतात. ते खेळणाऱ्याचं बक्षीस. माईचं बक्षीस मागे उभ्या असलेल्यांना मिळायचं.

त्यातला आणखी एक तपशील मला नंतर कळला आणि डोक्यातून गेला नाही. त्या काळच्या या गेममध्ये पात्राची प्रत्येक हालचाल चित्रकार फ्रेमगणिक काढत, ठिपका-ठिपका करून. प्रत्येक फ्रेमला चिपवर जागा लागायची आणि जागा महाग होती. एखाद्या लाथेच्या फ्रेम कमी करायच्या का, यावर कात्री चालायची. १९९२ मध्ये फेटल फ्युरी टू या गेममध्ये माई पहिल्यांदा आली तेव्हापासून ती नुसती उभी असतानाही तिची छाती हलते. म्हणजे त्या टंचाईतसुद्धा कुणीतरी तेवढ्या फ्रेम बाजूला काढून ठेवल्या, कुणीतरी त्या बसून काढल्या, कुणीतरी पास केल्या. याला सहज झालं असं कोण म्हणेल?

त्याच वर्षी, माईला काढणाऱ्या त्याच एसएनके कंपनीचा आर्ट ऑफ फायटिंग आला. त्यात किंग नावाची मुआय थाई लढणारी आहे, पुरुषी वेशात, उत्तम लाथा. तिला खास फटक्याने शेवटचं हरवलं की तिचा शर्ट फाटतो आणि ही बाई आहे हे कळतं. जिंकलीस तर छाती, हरलीस तर शर्ट.

आणि तरी मला चुन-ली आवडते, हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच हे वाचून म्हणेन की ही बाई सगळ्यावरच चिडली होती. १९९१ च्या स्ट्रीट फायटर टूमध्ये खेळायला मिळणाऱ्या आठ जणांत ती एकटी बाई. अकिरा यासुदा, ज्यांना सगळे अकिमान म्हणतात, त्यांनी तिला काढलं. मांड्या जाड, भल्या जाड, आणि मनगटात काटेरी कडी. त्या मांड्यांवर आजही जगभर विनोद चालतात. पण ती लढते पायांनीच. बटण बडवत राहिलं की पायांचा पाऊस पडतो, आणि त्या मांड्यांशिवाय तो पटलाच नसता. शरीर आणि कसब एकमेकांना धरून आहे. तिचा ड्रेस कंबरेपर्यंत फाकलेला आहे हे मला दिसतं, पण लाथ आधी दिसते. स्ट्रीट फायटर काढणाऱ्या कॅपकॉमच्या योशिकी ओकामोतोंनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की तिची पॉवरची पट्टी (ती संपली की हरलात) इतरांपेक्षा आखूड ठेवावी असं त्यांच्या मनात होतं, कारण बाई दुबळी. दुसऱ्या एका डिझायनरने ते होऊ दिलं नाही. नशीब. आखूड पट्टीची चुन-ली कुणी कॉइन घालून घेतली असती?

दादाचं म्हणणं ठरलेलं: "झांगीफ चड्डीवर फिरतो, त्याचं काय?" आजही म्हणाला, टीव्हीवरची नजर न काढता. बरोबर आहे, स्ट्रीट फायटरमधला हा पैलवान लाल चड्डीवर फिरतो. पण त्याच्या अंगावर अस्वलांशी कुस्ती खेळून उठलेले व्रण आहेत. त्याचं उघडं अंग बघून खेळणाऱ्याला वाटतं, मी असा हवा. त्याच्या मागे उभ्या असलेल्या कुणाला लाळ गाळायला ते काढलेलं नाही. उघडं किती, हे मोजून काही हाती लागत नाही. कुणासाठी उघडं, ते बघावं लागतं.

थ्रीडी आल्यावर हे आणखी सोपं झालं, कारण कॅमेरा हलायला लागला. आधी बाजूनेच दिसायचं, त्यामुळे जे दाखवायचं ते चित्रातच घालावं लागे. आता जिंकल्यावर कॅमेरा खाली घ्या, मागून घ्या, वळवून घ्या. डेड ऑर अलाइव्ह हा गेम १९९६ चा, तोमोनोबू इतागाकींचा. छाती हलण्याला त्यांनी अक्षरशः सेटिंगमध्ये जागा दिली. दुसऱ्या भागात तर तुमचं वय टाकायचं, वय जास्त टाकलं तर जास्त हलतं! हे कुणाला तरी मीटिंगमध्ये सुचलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली, हे चित्र डोळ्यांसमोर आणून मी एकटीच हसत बसते.

वाईट एवढंच वाटतं की तो गेम खेळायला चांगला आहे. तीन गोष्टी एकमेकींना हरवतात: फटका मारायला गेलात की समोरची हात धरून उलटा टाकते, ती हात धरायला टपून बसली की तिला उचलून आपटायचं, आपटायला गेलात की फटका. प्रत्येक क्षणी समोरच्याचं मन वाचावं लागतं. मन लावून तो खेळणारे लोक आहेत, आणि त्यांना आपला गेम चारचौघांत सांगायची चोरी. २०१२ च्या पाचव्या भागाची जाहिरातच होती 'आय ॲम अ फायटर'. मग २०१९ मध्ये फुकुओकाला ईव्हो जपान या फायटिंग गेमच्या स्पर्धेत सहाव्या भागाच्या प्रचाराला मॉडेल मुली बोलावल्या, पडद्यावर असला काही प्रकार चालला की थेट प्रक्षेपण मध्येच तोडावं लागलं आणि आयोजकांना माफी मागावी लागली. पाहुण्यांसमोर घर आवरायचं आणि पाहुणे बसले की कपाट उघडायचं, तसं झालं.

झाकण्याचे प्रकारही मजेशीर असतात. २०१५ मध्ये स्ट्रीट फायटर फाइव्ह बाजारात यायच्या आधी त्यातली कुस्तीवाली आर. मिका स्वतःच्या ढुंगणावर चापट मारते तिथला कॅमेरा सरकवला. चापट तशीच, फक्त फ्रेमच्या बाहेर. २०१७ च्या ईव्होत ईएसपीएनवर सामने दाखवले जात असताना एका खेळाडूला कॅमीचा, म्हणजे त्याच गेममधल्या आणखी एका बाईचा, पोशाख बदलायला लावला. आणि माईबद्दल तर २०१९ मध्ये स्मॅश ब्रदर्स हा गेम बनवणारे साकुराई म्हणाले की हा गेम सर्व वयांच्या चांगल्या मुलामुलींसाठी आहे, म्हणून ती त्यात नाही. आम्हीही चांगलीच मुलं होतो हो, आमची पंचाईत कुणी विचारली नाही. आधी तिला तशी काढायची, आणि मग ती तशी आहे म्हणून तिलाच दाराबाहेर ठेवायचं. हे मला त्या हलण्यापेक्षा जास्त लागलं.

तर आज. माई २०२५ च्या फेब्रुवारीत या गेममध्ये आली. नव्या पोशाखात तिच्या अंगावर लाल जॅकेट आहे, झकास दिसते, बाइकवरून उतरल्यासारखी. मी म्हटलं हाच घे. भाचीने सरळ जुना लाल पोशाख घेतला. का गं? "हा भारी आहे, आत्या. मागचे शेपूट कसले उडतात बघ." आणि खरंच, फिरताना ते कमरेचे दोन गोंडे असे गरकन फिरतात, पंख्यामागून आगीसारखे. इतक्या वर्षांत मी ते कधी धड बघितलेच नव्हते.

ती जिंकली. माईने पंखा वर केला, तेच ओरडली. भाचीने मान खाली घातली नाही, उशीवर बुक्की मारून "येस" म्हणाली. मागे कुणी उभं नव्हतं. दादा सोफ्यावर मोबाइलमध्ये, वहिनी ओट्यापाशी. ती शाळेतल्या मुलांबरोबर ऑनलाइन खेळते का, ते काय बोलतात, हे विचारायचं तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला कळलं असतं की इथे बोलण्यासारखं काहीतरी आहे.

मग मला कंट्रोलर मिळाला. मी मरिसा घेतली. इटलीची, दागिन्यांची डिझायनर, उंची दोन मीटरच्या वर, खांदे असे की दादाच्या दारातून आडवंच व्हावं लागेल. भाची म्हणाली, "ती फार स्लो आहे, आत्या, हरशील." स्लो आहेच. पण काही चालींमध्ये ती समोरचा फटका अंगावर झेलून तशीच पुढे येते आणि मग जो ठोसा बसतो तो बसतो. पहिली मॅच गेली. दुसरी घेतली. तिसऱ्या वेळी भाचीने माई सोडून कॅमी काढली, म्हणजे तिला राग आला होता, आणि वहिनी आतून ओरडली की ताटात भात गार झालाय.