एकाच उघड्या भिंतीचे घर

इंग्लंडमधील लीड्स शहराच्या हेअरहिल्स भागात भाड्याच्या एका घरात सतत येणाऱ्या ओलीचे कारण शोधण्यासाठी मला बोलावण्यात आले होते. घर व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या अखेरचे, लाल विटांचे, स्लेटच्या छपराचे आणि ‘बॅक-टू-बॅक’ पद्धतीचे होते. अशा घराची मागची भिंत मागच्या घराशी आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात, त्यामुळे दार, खिडक्या, उजेड आणि वारा यांसाठी रस्त्याकडची एकच भिंत उरते.

गिरणी-कारखान्यांतील कामगारांना परवडेल एवढ्या भाड्यात घर द्यायचे, तर जमीन आणि विटा दोन्ही वाचवणे भाग होते. लीड्समध्ये 1866 च्या कायद्याने या घरांचे आठ-आठांचे गट करून मध्ये शौचालयांसाठी मोकळी जागा सोडण्याचे बंधन घातले. 1909 मध्ये देशभर या पद्धतीवर बंदी आली, तरी आधी मंजुरी मिळालेल्या रस्त्यांवर लीड्समध्ये 1937 पर्यंत ती बांधली गेली. त्यांना सरसकट झोपडपट्टी ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण उत्तरकाळातील घरे बांधणीत खरोखर चांगली आहेत.

जमिनीतून वर चढणारी ओल अडवण्यासाठी घरमालकाच्या प्रतिनिधीने भिंतीत रसायन टोचून घेण्याचे जवळजवळ ठरवलेच होते. ओल मोजणारे यंत्र मोठे आकडे दाखवत होते, हा त्यांचा आधार. परंतु ते यंत्र विजेचे वहन मोजते आणि जुन्या गिलाव्यात साठलेल्या क्षारांमुळेही आकडा चढतो, म्हणून मी बाहेर जाऊन रस्त्याकडची भिंत पाहिली. विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, कधीतरी कडक सिमेंटने भरल्या होत्या. एका ठिकाणी ते सिमेंट छिन्नीने हलकेच काढल्यावर मागे राख मिसळलेला, मऊ, काळपट चुना दिसला आणि तो बोटाला ओला लागला. चुन्याच्या दर्जांतून भिंतीतले पाणी बाहेर पडून वाळते. सिमेंटने ती वाट बंद केल्यावर पाणी विटांतूनच निघू लागले होते, आणि थंडीत गोठून त्यांचे पापुद्रे सुटत होते. त्यात भर म्हणून फरसबंदी उंचावल्याने तळघराची हवेची जाळीही बुजली होती.

इतर घरांत असा दोष एका बाजूला सोसला जातो, कारण वाळायला दुसऱ्या भिंती असतात. येथे उघडी भिंत एकच असल्याने तिच्यावर केलेला प्रत्येक उपाय साऱ्या घराला भोगावा लागतो, हे मी भाडेकरू बाईंना त्या भिंतीसमोरच उभे राहून समजावले. खिडक्या न उघडल्याचा दोष आजवर त्यांच्याच माथी मारला गेला होता.

अहवालात मी रसायनाची शिफारस केली नाही. सिमेंट यंत्राने न कापता हाताने काढावे, दर्जा पुन्हा चुन्याने भराव्यात आणि जाळी मोकळी करावी, असे लिहिले. ताज्या चुन्याला गोठवणारी थंडी सोसत नाही, म्हणून दर्जांचे काम वसंतापर्यंत थांबवायचे ठरले. जाळी मात्र त्याच आठवड्यात मोकळी झाली.