मुल्कीच्या गुडघाभर लाटा

सर्फिंगसाठी मत्स्यगंधा एक्स्प्रेसने मुल्कीला उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. मी, माझी नणंद आणि कॉलेजपासूनचे दोन मित्र. सामान टाकलं आणि थेट किनारा गाठला. डिसेंबरचा समुद्र तळ्यासारखा पडलेला, लाटा जेमतेम गुडघ्याएवढ्या. एका मित्राचा चेहराच उतरला. "अगं, एवढ्यासाठी रात्रभर गाडीत बसलो?"

मला मात्र हेच हवं होतं. याआधी सप्टेंबरात आले होते, तेव्हा डोक्याएवढ्या लाटा होत्या. सगळी सकाळ पांढऱ्या फेसात गेली. बोर्डावर उभं राहिल्याचं आठवतच नाही, आठवतं ते नाकातोंडात गेलेलं पाणी.

मंगळूरच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. भारतातल्या सर्फिंगची गोष्ट इथून सुरू होते असं म्हटलं तरी चालेल. जॅक हेब्नर या अमेरिकन संन्याशाने २००४ मध्ये इथे आश्रम काढला आणि पोरांना बोर्डावर उभं केलं. लोक त्यांना 'सर्फिंग स्वामी' म्हणत. शेजारच्या ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी या नद्या मिळून समुद्रात जातात. पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यांवर लाट चढते, उथळ लागलं की फुटते.

शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, ते कळले मात्र इथे, पाठीवर. रात्री जमीन समुद्राआधी गार होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. समोरून येणाऱ्या लाटेला तो छातीवर हात ठेवून थांबवल्यासारखं करतो. ती लगेच कोसळत नाही, क्षणभर उभी राहते, अंगावर एक सुरकुती नसते. त्यात त्या दिवशी अष्टमी. भांगाची भरती असल्यामुळे पाणी फार चढत-उतरत नव्हतं, लाट सकाळभर एकाच जागी फुटत राहिली.

छोट्या लाटेला रेटा कमी, म्हणून बोर्ड मोठं लागतं. आम्हाला नऊ फुटी, मऊ पाठीची बोर्डं मिळाली. शिकवणारा मुलगा मच्छीमाराच्या घरातला. नणंदेला तो एकच गोष्ट सांगत होता, "दीदी, पैर मत देखो, नारियल देखो." ती विहिरीत पोहायला शिकलेली, पाण्याची भीती नाही, पण उठताना नजर पायांकडे जायची आणि बोर्ड निसटायचं. सातव्या-आठव्या खेपेला तिने मान वर केली. सूर्य माडांच्या मागून नुकताच वर आला होता. ती गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून, थेट त्या उजेडाकडे येत राहिली, बोर्डाच्या तळाचा पंख वाळूला टेकेपर्यंत. पन्नाशीची बाई. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ओरडत होते.

मोठ्या लाटेत प्रत्येक जण आपापला असतो. इथे गप्पा चालल्या होत्या. बोर्डावर पाय सोडून बसायचं, क्षितिजाकडची काळसर रेघ जवळ आली की वळायचं आणि चार हात जोरात मारायचे. जाणत्यांमध्ये एका लाटेवर एकच माणूस असा नियम आहे. आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून आम्ही एकदा तो मोडला आणि चौघं एकाच लाटेवर निघालो. लाट कशी वर उचलते, कुठे सोडते, वजन मागच्या पायावर गेलं की बोर्ड कसं थबकतं, हे सगळं मला पहिल्यांदा सावकाश, समजून घेता आलं.

दहाच्या सुमारास पाठीवरचा वारा पडला. थोडा वेळ काहीच नाही. मग समुद्राकडून पहिली झुळूक आली आणि पाण्यावर काटा उभा राहिला. शिकवणाऱ्या मुलाने हातानेच 'चला' म्हणून खूण केली.

आम्ही तिघं वाळूत बसून मंगळुरी बन्स खात होतो. सकाळी चेहरा उतरलेला मित्र अजून आत होता, पाठ आमच्याकडे करून, पुढच्या लाटेची वाट बघत. त्याच्या वाटणीचे दोन बन्स नणंदेने कागदात गुंडाळून ठेवले.