महिन्याचं इंजेक्शन आणि माशी

वाईच्या माझ्या मानसोपचाराच्या ओपीडीत फ्लुफेनाझिन या भास-भ्रम आवरणाऱ्या औषधाला त्या नावाने कोणी ओळखत नाही. "ते महिन्याचं द्यायचंय ना, मॅडम?" एवढंच विचारतात. पेशंट गोळ्या गालात दडवून मागच्या दारी थुंकत असेल, तर घरच्यांना या सुईचा फार आधार वाटतो. औषध तेलातलं असतं, स्नायूत दिलं की आठवडेच्या आठवडे हळूहळू रक्तात उतरतं आणि मेंदूत डोपामाइन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाची वाट अडवतं.

हेच औषध माश्यांनाही देऊन पाहिलंय. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात लार्स चिटका यांच्या गटाने हा प्रयोग केला आणि तो २०१६ साली 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात छापून आला. माशी म्हणजे आपली सातेरी मधमाशी नव्हे, बंबलबी. गुबगुबीत, केसाळ, हिमालयात असते, सह्याद्रीत नाही. निळा आणि हिरवा यांतल्या एका रंगाच्या फलकाखाली साखरपाणी आणि दुसऱ्याखाली नुसतं पाणी, हे माश्यांना शिकवलं. मग हिरवट-निळा, धड हा ना तो, असा फलक ठेवला. ज्या माश्यांना आत सोडण्याआधी अचानक दाट साखरपाण्याचा थेंब मिळाला होता, त्या या फलकाकडे लवकर गेल्या. मिळेल काहीतरी, या हिशेबाने. फ्लुफेनाझिन दिल्यावर मात्र थेंबाचा हा परिणाम नाहीसा झाला.

माझे काही पेशंट सांगतात, "आवाज थांबले, पण कशात मन लागत नाही." हे आजाराचं लक्षण की माझ्या सुईचं, हे ठरवणं आमच्या कामातलं अवघड दुखणं आहे. दोन्ही बाहेरून अगदी सारखी दिसतात. आई सांगते, "आता शांत असतो," आणि आम्ही फाइलवर 'सुधारणा' लिहितो. माशीवरून माणसाचा डोस ठरत नाही, ठरवूही नये. तरी तो लेख वाचल्यापासून मी 'झोप कशी आहे?' याच्या आधी 'या महिन्यात कशाची वाट पाहिलीत?' असं विचारते. उत्तर यायला वेळ लागतो. बाहेरची रांग कुरकुरते.

महाबळेश्वरकडे मामांच्या मधपेट्या आहेत. त्यांना मी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाचा २०११चा प्रयोग सांगितला. तिथे मधमाश्यांना यंत्रावर मिनिटभर जोरात हलवलं, पोळ्यावर कोणी हल्ला केल्यासारखं. मग गोड आणि कडू यांच्याशी जोडलेल्या दोन वासांची कमी-जास्त प्रमाणातली मिश्रणं पुढे केली. कडूच्या जवळ जाणारा वास आला की हलवलेल्या माश्या सोंड बाहेर काढायला जास्त कचरत होत्या. त्यांच्या शरीरद्रवात डोपामाइन आणि तशीच निरोप पोचवणारी सेरोटोनिन, ऑक्टोपामाइन ही रसायनंही कमी भरली.

मामा म्हणाले, "पोरी, पेटी रात्री हलवली तर सकाळी दार उघडून मी लांब उभा राहतो. एवढ्यासाठी विलायतेत मशीन कशाला लागलं?"

"मामा, तुमच्या माश्या चिडतात. या चिडल्या नव्हत्या. यांनी वाईटच निघणार असं धरलं होतं."

"असं? मग अशी माशी मध किती आणते, ते मोजलं का?"

ते मोजलेलं नव्हतं. त्या माश्या तर छोट्या नळ्यांत बांधलेल्या होत्या.

"मग अर्धंच काम झालं," म्हणत मामा धुराडं पेटवायला गेले.