कर्ता हरवलेली वाक्ये

मंगळवार, रात्रीचे साडेनऊ.

आज सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजण्यासाठी ओट्यावर पावट्याचे चार दाणे मांडले होते. शिट्टी झाली की एक दाणा डावीकडून उजवीकडे सारायचा, ही गेल्या दोन वर्षांतली माझी रीत. तिसरा दाणा सारणार तोच दारावर दूधवाला आला. त्याचा हिशेब चुकता करून परत आले तेव्हा दोन दाणे डावीकडे होते आणि दोन उजवीकडे, आणि तिसरी शिट्टी होऊन गेली होती की मी तिची वाट पाहत होते, हे मला शपथेवर सांगता आले नसते. गॅस बंद केला. डाळ उत्तम शिजली होती. घाम मात्र मला फुटला होता.

मला २०१४ पासून ल्युपस आहे. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ लांडगा. शरीराची रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असा हा आजार, आणि तो होणाऱ्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणी बायका असतात. सांधे दुखतील, उन्हात गेल्यास चेहऱ्यावर चट्टा उठेल, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागेल, हे सारे मला पहिल्याच भेटीत सांगण्यात आले होते. विसरण्याबद्दल कुणी बोलले नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजीने १९९९ मध्येच ल्युपसमधल्या मज्जासंस्थेच्या आणि मनाच्या १९ तक्रारींची यादी केली होती आणि विचार व स्मरण मंदावणे त्या यादीत आहे, हे मला फार उशिरा समजले. तोवर मी स्वतःला वेंधळी म्हणून मोकळी झाले होते.

याला ‘ब्रेन फॉग’ म्हणतात. हे नाव मला पटत नाही. धुक्यात सगळेच अंधुक दिसते. माझे तसे नाही. पत्त्यांच्या कॅटातून कुणी एखादे पान काढून घ्यावे आणि ते कोणते, हे ऐन डावात कळावे, तसे काहीसे होते. परवा मुलीकडे झारा मागायचा होता, तर तोंडातून ‘ते भोकांचं दे गं’ एवढेच बाहेर पडले. कढईत पुऱ्या तळत होत्या, झारा डोळ्यांपुढे स्पष्ट होता, त्याचे नाव तेवढे जागेवर नव्हते.

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते हे शाळेत शिकले होते, पण त्याचा जाच या आजाराने शिकवला. लांब वाक्यात कर्ता आरंभी भेटतो. त्याचे लिंग, त्याचे वचन मनाच्या ओंजळीत धरून मधली सगळी विशेषणे, पोटवाक्ये आणि कंसातले खुलासे ओलांडायचे, आणि शेवटी क्रियापदाशी त्याची गाठ घालून द्यायची. माझी ओंजळ मध्येच गळते. मागच्या महिन्यात एका मजकुरात ‘धरणग्रस्त कुटुंबांच्या मागण्या, ज्यांचा उल्लेख आधीच्या दोन्ही प्रस्तावांत आणि जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या निवेदनात होता, अखेर मान्य झाले’ असे वाक्य होते आणि ते माझ्या नजरेखालून जसेच्या तसे निसटले. वाक्य संपेपर्यंत ‘मागण्या’ गेल्या होत्या आणि कानात उरले होते ते ‘प्रस्ताव’. लेखकांनी चूक दाखवली ती अतिशय सौम्य शब्दांत, आणि तेच अधिक लागले. आता मी कर्त्याखाली पेन्सिलीने बारीक ठिपका देते आणि क्रियापदापाशी पोहोचले की ठिपक्याकडे परतते. पूर्वी तासाला बारा पाने होत, हल्ली पाच होतात.

गंमत अशी की जुने सामान शाबूत आहे. एकोणतीस साती दोनशे तीन हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन, पण फोनवर आलेला सहा आकडी ओटीपी संगणकाच्या पडद्यापर्यंत न्यायला मला दोन खेपा लागतात.

डॉक्टरांनी आधी थायरॉईड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासले, कारण तिथे काही उणे निघाले असते तर उपाय सोपा होता. एमआरआय स्वच्छ आला. मग दहा मिनिटांची, ३० गुणांची एक चाचणी झाली: घड्याळ काढा, प्राण्यांची नावे सांगा, पाच शब्द ऐका आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणा. मला २७ गुण मिळाले; २६ पासून पुढे सर्वसाधारण समजतात. मी उत्तीर्ण होऊन रडवेली बाहेर पडले. त्या शांत खोलीत ना कुकर होता, ना दूधवाला, आणि तिथे मी भल्या सकाळी, ताजीतवानी बसले होते. कारण विचारले तर एकच बोट दाखवता येत नाही: रक्तातली प्रतिपिंडे, दाह, स्टेरॉइड, अपुरी झोप, सततचा थकवा आणि दुखणे, यांपैकी कुणाचा वाटा किती, हे माझ्या बाबतीत कुणी छातीठोकपणे सांगितलेले नाही.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची गोळी रोज चालू आहे. मार्च २०२० मध्ये कोविडवरचा इलाज म्हणून तिचा गाजावाजा झाला तेव्हा आमच्या भागातल्या दुकानांतून ती दिसेनाशी झाली होती आणि मी उरलेल्या गोळ्या रोज मोजत असे. आता गोळ्या मुबलक आहेत, पण आजची घेतली की नाही याचा पत्ता नसतो. वजनाच्या मानाने मात्रा वाढली तर पुढे डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो, म्हणून अंदाजाने दुसरी घेऊन चालत नाही. सात खणांची डबी त्यासाठीच आणली आहे. मंगळवारचा खण रिकामा, म्हणजे घेतली. माझ्यापेक्षा डबीचा शब्द मी प्रमाण मानते, आणि खरे दुःख विसरण्याचे नसून या विश्वास उडण्याचे आहे. कारण जे बरोबर आठवते तेही आता मी दोनदा पडताळून पाहते.

‘अगं, आमचंही हल्ली असंच होतं’ असे लोक म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ते ऐकले की पुढे काही सांगावेसे वाटत नाही. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. चष्मा त्याही शोधतात, मीही शोधते. त्यांना घरातले सगळे चष्मा आणून देतात आणि मला बदाम खायला सांगतात. बदाम मी खाते.

संध्याकाळी नोंदवही चाळताना माझ्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित केलेले सापडले: ‘निळ्या पिशवीतले कागद. विसरू नकोस!’ तारीख नाही. घरात निळ्या पिशव्या दोन. एकीत उडदाचे पापड, दुसरी रिकामी. कागद कुणाचे, कशाचे, कुणाला द्यायचे, यातले काहीही आठवले नाही, ते लिहितानाचा क्षणही आठवला नाही. ‘तुझ्या आधारकार्डाचे असतील,’ असे हे म्हणाले. पण आधारकार्ड कपाटात आहे.

दुसऱ्यांच्या वाक्यांतले कर्ते शोधून पोट भरणाऱ्या बाईने स्वतःसाठी मात्र कर्ता आणि क्रियापद दोन्ही गाळून लिहावे, याला काय म्हणावे! यापुढे वहीत तुटक लिहायचे नाही असे ठरवून त्या ओळीखाली आजची पहिली नोंद केली आहे:

‘उद्या, बुधवारी, सकाळी साडेआठ वाजता मी रक्त तपासायला उपाशीपोटी जाणार आहे, मी चहा घ्यायचा नाही, सासूबाईंचा चहा मुलगी करील, आणि हे मी तिला मंगळवारी रात्री सांगितले आहे.’

शेवटचे उपवाक्य लिहिल्यानंतर उठून तिला सांगून आले.