चोर्ला घाटात पाण्याचे डबे

मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपाजवळची पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. लडाखचा बेत पक्का झाल्यावर आमच्या जुन्या डिझेल जीपला वीस-वीस लिटरचे दोन जेरीकॅन लावणं भागच होतं. तयार स्टँडच्या किमती ऐकून मी थेट डिचोलीला फॅब्रिकेशनवाल्या मामांकडे गेलो.

"मागच्या दाराक नाका," मामांनी आधीच बजावलं. त्या बिजागऱ्यांवर स्टेपनी लटकतेच आहे. भरलेल्या डब्यात डिझेल जवळपास 17 किलो, वर लोखंडी डब्याचं चारेक किलो. दोन डबे म्हणजे चाळिशीपार, आणि खड्ड्यात आदळलं की बिजागरीला ते कितीतरी जड. म्हणून थेट चासीला बोल्ट मारायचे ठरले, सायलेन्सरच्या उलट्या बाजूला. मागून कोणी ठोकलं तर काय, ही धाकधूक राहतेच. म्हणून तांडीपर्यंत डबे रिकामेच न्यायचे.

वेल्डिंगआधी मामांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि पोराला जेरीकॅन रस्त्यापलीकडे न्यायला लावलं. रिकामे होते, तरीही. आत वाफ कोंडलेली असते, भरल्या डब्यापेक्षा रिकाम्याचीच भीती जास्त.

मग पंचवीस एमएम अँगलचे दोन ट्रे झाले. डबा साधारण 47 बाय 35 बाय 17 सेंटीमीटरचा. ट्रे सगळीकडून थोडा सैल ठेवून आत जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं. समोर बिजागरीवर फिरणारी पट्टी, तिला कडी आणि कुलूप. तळाला पाणी निघायला भोकं. ग्राइंडर फिरल्यावर रेड ऑक्साईड, वर काळा रंग. गोव्याच्या खाऱ्या हवेत उघडं लोखंड एका पावसाळ्यात तांबडं होतं, त्यामुळे नट-बोल्टांवरही मी ग्रीस थापलं.

चाचणीला डिझेल कशाला? डब्यांत पाणी भरलं. ते डिझेलपेक्षा जडच. साखळी, केरी गावं करत चोर्ला घाटातून कर्नाटकाकडे निघालो. चेकनाक्यावर साहेबांची नजर डब्यांवर खिळली. गोव्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीत बंद डबे म्हटल्यावर दुसरं काय सुचणार! झाकण उघडून त्यांनी वास घेतला, बोट बुडवलं.

"पाणी?"

"पाणीच."

"कर्नाटकात पाणी मिळत नाही?"

स्टँडची चाचणी आहे हे पटवायला मला खाली वाकून बोल्ट दाखवावे लागले. मग तेच टॉर्च मारून बघायला लागले आणि त्यांच्या भावाच्या जीपला असं किती खर्चात होईल ते विचारलं.

घाटाच्या वळणांवर डबे गप्प होते. वर मात्र खराब पॅच लागला आणि मागून टकटक सुरू झाली. थांबून पाहिलं: पट्टी आणि डब्याच्या खांद्यात बोटभर फट. हा खुळखुळाच स्टँड खातो, वजन नव्हे. ट्यूबचा तुकडा दुमडून कोंबला, आवाज बंद.

कणकुंबीला चहा सांगितला आणि पाना घेऊन खाली वाकलो. नट सगळे घट्ट, पण बाहेरच्या ट्रेच्या कोपऱ्यात वेल्डिंगवर केसाएवढी रेघ. मामांना फोटो पाठवला. उत्तर आलं: कोपऱ्यात त्रिकोणी पत्रा मारूया, परत येताना तो डबा आत घ्या. दोन्ही डब्यांतलं पाणी टपरीवाल्याच्या पिंपात ओतलं, त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.