डीसी एमसीबीवरचं प्लस-मायनस शोभेसाठी नसतं

तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात आता बांधाबांधावर सौरपंप दिसतात. त्यांच्या पेटीतल्या डीसी एमसीबीच्या (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलजवळ बारीक + आणि − छापलेलं असतं. वायर बदलताना नेमकं तेच कुणी बघत नाही.

घरच्या एसी विजेत, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेत, प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कॉन्टॅक्ट उघडताना पेटलेला आर्क, म्हणजे फटीतून वाहणारी सलग ठिणगी, बहुतेक वेळा तिथंच विझतो. डीसी एकाच दिशेला वाहते, तिला शून्यच नाही. दहा पॅनल सिरीजमध्ये जोडले की ४००-५०० व्होल्ट. एवढ्यावर दोन-चार मिलिमीटरच्या फटीत आर्क आरामात जळत राहतो. म्हणून आत चुंबक बसवतात. आर्क म्हणजे तापलेल्या वायूची तारच. तिला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम लागू: चुंबकाजवळ प्रवाह वाहिला की त्याला आडवा धक्का बसतो. चुंबक तिला ढकलून आर्क चूटच्या (आर्क विझवणाऱ्या कप्प्याच्या) लोखंडी पट्ट्यांत घुसवतो. तिथं तिचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा साधारण २०-२५ व्होल्ट खातो. १२ पट्ट्या म्हणजे १३ तुकडे, अंदाजे २६० ते ३२५ व्होल्ट. एमसीबीचे दोन पोल (कॉन्टॅक्ट आणि चूटचे दोन संच) सिरीजमध्ये घेतले की दुप्पट. ही बेरीज पॅनलच्या व्होल्टेजच्या वर गेली की आर्क मेला.

आता प्रवाह उलटा करा. चुंबक तोच, पण धक्का उलट्या दिशेला. आर्क पट्ट्या सोडून मेकॅनिझमकडे पळतो, प्लास्टिक वितळतं, कॉन्टॅक्ट चिकटतात. आणि फ्यूज वाचवेल म्हणावं, तर पॅनल शॉर्ट केले तरी नेहमीच्या प्रवाहापेक्षा जेमतेम जास्त देतात. दिवस मावळेपर्यंत जळत राहील.

फसगत होते ती इथे: प्लसची वायर प्लसच्याच पोलवर आहे, पण पॅनलची वायर वरून न घालता खालून घातली. तरी प्रवाह उलटाच. म्हणून वर-खाली बघू नका, छापील खूण आणि मल्टिमीटर बघा. बॅटरी असेल तर प्रवाह दोन्हीकडे वाहतो. तिथं नॉन-पोलराइज्डच, म्हणजे दोन्ही दिशांचा प्रवाह तोडणारा एमसीबी लागतो.

क्रेनच्या डीसी कॉन्टॅक्टरात (मोटार चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचमध्ये) चुंबकाऐवजी सिरीजमधली ब्लो-आउट कॉइल असते. प्रवाह उलटला की तिचं क्षेत्रही उलटतं, त्यामुळे पोलॅरिटीची कटकट नाही. पण जोर प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे: १०० अँपिअरच्या जागी ५ असले तर धक्का ४०० पट कमी. म्हणूनच हलक्या लोडवर तो आर्क चिवटपणे रेंगाळतो. मात्र रिवाइंडिंगनंतर फक्त कॉइलचीच टोकं अदलाबदल झाली की आर्क सरळ आत येतो. चूट काढून ठेवून चालवणाऱ्यांना तर काय बोलणार.

पंप बंद करताना आधी कंट्रोलर बंद, मग एमसीबी. एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारे प्लग) चालू प्रवाहात कधीच ओढू नका. त्यात ना चुंबक, ना पट्ट्या.